देवबागच्या खाडीकाठची बिननावाची खानावळ, आणि मालवण जेटीजवळचं ते झगमगीत हॉटेल

दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो, लिहायला उशीर झालाय, पण आमच्या सोसायटीतल्या तीन जणींनी वेगवेगळं गाठून "मालवणला मासे कुठे खाल्लेत" विचारून झालं, आता चौथीला परत पहिल्यापासून सांगायची ताकद नाही म्हणून एकदाच टाईप करून ठेवते.

आधीच सांगते, मी माहेरची नाशिकची. लग्नाआधी मासा म्हणजे सुरमई, आणि कोणाचं लग्न-बिग्न असेल तर पापलेट, एवढंच माहीत होतं. सासूबाई, म्हणजे पुढे जिथे आई म्हटलंय त्या, वेंगुर्ल्याच्या. त्यामुळे खाली जे काही शहाणपण दिसेल ते त्यांचं आणि जे चुकलं ते माझं. सोबत आई, नवरा आणि नऊ वर्षांचे चिरंजीव, जे फक्त कोळंबी खातात आणि तीही सोलून दिली तर.

तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरलो, तिथून रिक्षा करून देवबागला. देवबाग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये माडांची एक पट्टी आणि त्यातून एक गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून टुरिस्टांची बस आली की कोणीतरी रिव्हर्स मारायचा. शेवटी नदी समुद्राला मिळते तो संगम. घरोघरी होमस्टे, घरोघरी स्कुबाचे बोर्ड.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मालवणात गेलो, कारण नवऱ्याने रीलमध्ये एक हॉटेल बघून ठेवलं होतं. जेटीच्या जवळ, वरच्या मजल्यावर ओपन, समोर सिंधुदुर्ग किल्ला, लाइटिंग, टेबलावर कागदी मॅट. नाव लिहीत नाही, भांडण करायचं नाहीये. सूर्य मावळताना तो किल्ला असा समोर काळाभोर दिसत होता की पहिली दहा मिनिटं कोणी मेन्यूकडे बघितलंच नाही, आणि मला वाटतं हॉटेलवाल्यांचा हिशोबही त्याच दहा मिनिटांवर चालतो.

वारं भयंकर होतं. टेबलावरचे टिश्यू उडत होते. खाली किनाऱ्यावर सगळ्या होड्या वर ओढून ठेवलेल्या, आईंनी ते येतानाच पाहिलं आणि रिक्षावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागलाय, तीन दिवस कोणी बाहेर गेलेलं नाही. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं बोटिंग बंद असेल म्हणून सांगतोय.

मेन्यू लॅमिनेट केलेला, आठ पानी, प्रत्येक माशाचा फोटो, शेवंडीचा (लॉबस्टरचा) फोटो तर पानभर. सुरमई, पापलेट, हलवा, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या), सगळं आहे. आईंनी वेटरला विचारलं, आज नक्की आलंय काय? तो म्हणाला, सगळं फ्रेश आहे मॅडम. आईंनी माझ्याकडे बघितलं. तीन दिवस एक होडी समुद्रात नाही आणि मेन्यूतली एक ओळसुद्धा खोडलेली नाही, हे त्यांना जे लगेच कळलं ते मला घरी येऊन कळलं. नवऱ्याने ऑर्डर देऊन टाकली होती.

तर आलं ते असं. सुरमई थाळी दोन, 550 ची एक. रवा इतका जाड की आतला तुकडा शोधायला लागला, आणि आत मासा कोरडा, दाताखाली कापसासारखा. वास येत नव्हता, खराब म्हणणार नाही, बर्फातला होता इतकंच. आता बर्फात ठेवणं हा काही गुन्हा नाही, मोठे ट्रॉलर चार-पाच दिवस समुद्रात राहतात तेव्हा त्यांचाही मासा बर्फातच असतो, म्हणजे "आज बंदरात आला" आणि "आज पकडला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला आईंनीच शिकवलं. फक्त मग तो आजचा म्हणून विकू नका ना.

पापलेट फ्राय एक नग, 650. हे आलं आणि आईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "गो, ह्यां पोर आसा." माझा फोन बाजूला ठेवला तर फोन लांब. 2023 मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा केलाय, आणि त्याच वर्षी सरकारने 54 जातींची कमीत कमी मापं ठरवून दिली, त्याच्याखालचा मासा धरायचा नाही, पापलेटला 135 मिलिमीटर. आमच्या ताटातला त्या रेषेच्या वर होता की खाली हे तळल्यावर आणि शेपटी तुटल्यावर मी कसं सांगू, पण राज्य मासा म्हणून ज्याचा मान करायचा त्याने निदान एकदा तरी अंडी घातलेली असावीत असं वाटलं. चव? मसाल्याची होती.

तिसऱ्यांच्या सुक्यात वाळू. पहिल्या घासाला कचकन. तिसऱ्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्यायला लागते, तेवढा वेळ कोणी दिला नसणार. सोलकढी गुलाबी, म्हणजे होळीतली गुलाबी, घट्ट, गोडसर. खरी सोलकढी इतकी नटत नाही, फिकट असते.

बरं, खोटं बोलणार नाही, कोंबडी-वडे मस्त होते. वडे गरम, फुगलेले, रश्शाला काळ्या वाटाण्याची जोड दिली होती. आई म्हणाल्या, कोंबडी ताजी होती, तिला होडीची गरज लागत नाही. सर्व्हिस फास्ट, टॉयलेट स्वच्छ, कार्ड चालतं, चिरंजीवांना कोळंबी सोलून आणून दिली हे तर फारच. बिल 2900 च्या आसपास. किल्ल्याचे पैसे दिले असं समजलो आणि निघालो.

आता खानावळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी होमस्टेच्या मालकीणबाईंना सरळ विचारलं, तुम्ही बाहेर जेवायचं म्हटलं तर कुठे जाता? त्या हसल्या, म्हणाल्या आम्ही कशाला बाहेर जेवू, पण मग खाडीच्या बाजूला एका घराचं सांगितलं. त्या घरावर बोर्ड आहे, "घरगुती मालवणी जेवण मिळेल". आता हा बोर्ड देवबागात दर चौथ्या घरावर आहे त्यामुळे पत्ता म्हणून त्याचा काही उपयोग नाही, मी खूण सांगते: संगमाकडे जाताना डाव्या हाताला खाडीकडे उतरणारी पाखाडी, तिच्या तोंडाशी विहीर, आणि पडवीला निळा रंग. पडवीत चार टेबलं, पुढे अंगण, अंगणाच्या खाली थेट खाडी आणि बांधलेली एक होडी. पुढच्या वेळी गेलात आणि पडवी हिरवी झाली असेल तर मला बोलू नका.

काकी स्वतःच स्वयंपाक करतात, त्यांचे यजमान मासेमारी करतात, मुलगा वाढतो आणि जीपे बघतो. मेन्यू नाही. आईंनी विचारलं, आज काय असा? काकी म्हणाल्या, "होडी गेलीच नाय, वारो बघतास मां. सुरमय गावाची नाय आज. खाडयेतला काय ता देतंय, व्हया तर सांगा."

नवऱ्याचं तोंड जरा उतरलं कारण त्याला सुरमई हवी होती, तो तीन महिने सुरमईचं बोलत होता. पण आईंचा चेहरा मी बघितला, त्या लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारख्या खूश. म्हणाल्या, जी बाई "नाही" म्हणते तिच्याकडे जेवायचं. तिथल्या तिथे दोघींचं गाव, आडनाव, माहेर, वेंगुर्ल्यातलं कोण कुठे, सगळं निघालं, आणि मी पडवीच्या कठड्यावर बसून खाडीकडे बघत राहिले.

आणि इथे एक सूचना, ओहोटीला खाडीला वास येतो. चिखलाचा, शेवाळाचा. ज्यांना "सी फेसिंग" म्हणजे रूम फ्रेशनर वाटतो त्यांनी भरतीच्या वेळी जा. मला दहा मिनिटांनी जाणवेनासा झाला.

काकींनी आधीच सांगितलं, वायच टायम लागात. लागला. पाऊण तास धरा, आम्हाला पन्नास मिनिटं लागली, त्यात चिरंजीवांची दोन मांजरांना नावं देऊन झाली. सकाळी दहाच्या आत फोन करून सांगितलंत तर वाट बघायला लागत नाही.

मग आल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे. खाडीतल्या, काळपट हिरव्या. काकींनी शिजवायच्या आधी आईंना टोपलीत दाखवल्या, आईंनी एक उचलून हातात तोलली, हलकी निघाली ती बाजूला ठेवायला लावली आणि काकींनी ती निमूट बाजूला ठेवली, हे मी शहरातल्या कुठल्याही हॉटेलात होताना पाहिलेलं नाही. कुर्ली आकाराने मोठी असून हलकी लागली तर आत मांस कमी, पाणी जास्त. अमावास्येच्या आसपासच्या भरलेल्या असतात आणि पुनवेच्या पोकळ असं तिकडे सगळे सांगतात, मी विज्ञान विचारायला गेले नाही, आम्ही गेलो ते दिवस दिवाळीच्या नंतरचे म्हणजे अमावास्येच्या जवळचेच होते आणि नांग्या फोडल्या की आख्खा गर सुटून येत होता. बारीक पाय फेकत नाहीत, ते वाटून त्याचा रस गाळून कालवणात घालतात. तो रस. तो रस म्हणजे काय सांगू, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाच्या मागून हळूच खाडी येते. नवरा सुरमई विसरला हे मी लिहून देते.

तिसऱ्यांची एकशिपी पण होती. एकशिपी म्हणजे एक शिंपली काढून टाकायची आणि मांस चिकटलेली ठेवायची, मग ओल्या खोबऱ्यात कांद्यात सुकं करायचं, शिंपली उचलायची आणि ओठाने ओढायचं, चमचा वापरलात तर बाजूचे लोक बघतात. वाळूचा एक कणही नाही. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या आदल्या संध्याकाळपासून पाण्यात होत्या. आदल्या संध्याकाळी आम्ही जेटीजवळ कचकच चावत होतो तेव्हा.

खाडीची सुंगटं, म्हणजे कोळंबी, बारीक, बटाटा घालून. चिरंजीवांना सोलून नाही मिळाली, काकींचा मुलगा म्हणाला, मी दाखवतो, आणि त्याने दाखवलं, डोकं असं, शेपटी अशी. बारा सोलून खाल्ल्या. मी मोजल्या कारण नऊ वर्षं मीच सोलतेय.

सोलकढी फिकट, पातळ, लसूण आणि मिरचीचा झणका, सोलं भिजवून कोळलेली आणि नारळाचं दूध तिथेच काढलेलं. दोन वेळा मागितली, दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. भात उकडा, तांबूस. ज्यांना बासमती लागते त्यांची पंचाईत होईल.

चौघांचं बिल 1350. मी परत विचारलं, चुकलं नाही ना.

तिसऱ्या दिवशी पहाटे वारं पडलं. नवरा आणि चिरंजीव समुद्राच्या बाजूला फिरायला गेले आणि तासाभराने फोन आला, लवकर या, रापण ओढतायत. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, दोन रांगा, वीस-पंचवीस जण, टुरिस्ट पण लागले होते ओढायला, आमचे दोघे पण, हाताला दोरीचे वळ घेऊन आले. खूप वेळ काहीच दिसत नाही आणि मग शेवटच्या दहा फुटांत पाणी एकदम चांदीसारखं उसळायला लागतं. पेडवे, बांगडे, थोडे सौंदाळे, एक-दोन लेप्या. मला वाटलं केवढं मिळालं, पण तिथल्या एका आजोबांचं तोंड काही खुललं नव्हतं, म्हणाले पूर्वी टोपल्या मोजत नसू. मग पर्ससीनवाल्यांचं, म्हणजे मोठ्या गोल जाळ्याने माशांचा आख्खा थवा गोळा करणाऱ्या यांत्रिक बोटींचं, निघालं, 2016 ला सरकारने त्यांच्यावर बंधनं घातली, तरी रात्री लाइट लावून मारतातच, वगैरे. तो वाद मोठा आहे आणि माझा नाही, पण एक गोष्ट डोक्यात राहिली की हे एवढे लोक दोन तास दोरी ओढतात आणि आलेलं सगळ्यांत वाटून घेतात, आणि आपण ताटातल्या बांगड्याला "स्वस्तातला मासा" म्हणतो.

त्यातलेच बांगडे आणि पेडवे काकींकडे गेले. म्हणजे त्यांच्या यजमानांचा वाटा. आणि त्याच्या मागोमाग आम्ही गेलो, लाज सोडून, पुन्हा.

आता खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू मी या जेवणासाठी लिहितेय. बांगड्याचं तिखलं. लाल मिरची आणि खोबरं वाटून, कोकम, आणि तिरफळं ठेचून. कांदा नाही, लसूण नाही. तिरफळाचा वास पहिल्यांदा घेतला की संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी वाटतं आणि मग जिभेला बारीक मुंग्या येतात. ते चावायचं नसतं, बाजूला काढायचं, मी चावलं, पाच मिनिटं जीभ कामातून गेली, सगळे हसले. पण बांगड्याच्या तेलकटपणाला ते जे धरतं ना, ते दुसरं काही धरू शकत नाही. मासा इतका घट्ट की काट्यावरून पाकळीसारखा सुटत होता आणि तरी तुटत नव्हता. काल पोहत होता म्हणतात तसं नाही, सकाळी पोहत होता, माझ्या नवऱ्याने त्याला बाहेर ओढलं होतं आणि ही गोष्ट तो अजून ऑफिसमध्ये सांगतोय.

पेडवे नुसते हळद, मीठ, तिखट, आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. रवा नाहीच. काकींना विचारलं रवा का नाही, तर म्हणाल्या, "लपवच्यासारख्या काय असात तर रवो." झालं. पहिल्या दिवशीची 550 ची थाळी मला आठवली.

आई जेवताना म्हणाल्या ते मी तसंच लिहिते, फक्त आपल्या भाषेत. सुरमई तुकड्यातून येते, तिला डोळा नाही, कल्ले नाहीत, तुम्ही बघणार काय? बांगडा आख्खा येतो. डोळे फुगीर आणि चकचकीत आहेत का, कल्ला उचलला की आत लाल आहे का, बोटाने दाबलं की खड्डा परत भरतो का, सगळं समोर. शिवाय बांगडा-पेडवे लवकर उतरतात, शिळा असेल तर पहिल्या घासाला चुगली करतो, सुरमई बर्फात बरेच दिवस तग धरते आणि मसाल्याच्या आड बसते. म्हणून पाण्याकाठच्या हॉटेलात बसलात की आधी बांगडा मागवा, तो चांगला निघाला तर पुढचं मागवा. मी नाशिकला असते तर म्हटलं असतं की आई, एका थाळीत एवढं बघायचं कशाला. आता नाही म्हणत.

तक्रारी? आहेत. संध्याकाळी खाडीकाठी डास, ओडोमास नेलं नाहीत तर तुम्हीच थाळी. बाथरूम घराच्या मागे, अंगणातून जायला लागतं, रात्री आईंना त्रास झाला. टेबलं चारच असल्याने शनिवारी-रविवारी पुण्याच्या गाड्या आल्या की तासभर उभं राहायला लागतं, आणि काकी घाई करत नाहीत, म्हणजे अजिबात करत नाहीत. दारू चालत नाही, ग्रुपने जाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्या. कोणी सुरमई-पापलेटचाच हट्ट धरून आलं असेल तर निराश होऊन जाईल, त्यांच्याकडे ते असतं तेव्हा असतं. आणि जूनमध्ये जाऊन मासे मागू नका, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा जो तुम्हाला "आजची सुरमई" वाढेल त्याला बर्फाच्या फॅक्टरीचा पत्ता विचारा. त्या दिवसांत काकी म्हणे सुका बांगडा आणि फणसाची भाजी देतात. मला त्यासाठीसुद्धा जायचंय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव बघितला. बायका कमरेवर हात ठेवून उभ्या, मासे वाळूत ढिगाने मांडलेले, बोली इतक्या झटपट की मला आकडा कळेपर्यंत माल टोपलीत. त्या गर्दीत जेटीजवळच्या हॉटेलातला तो वेटर पण होता, हातात मोठी पिशवी. त्याने ओळखलं, हसला. म्हणाला, मॅडम आज या, आज खरंच आहे. मला तो माणूस आवडला. गेलो नाही, आमच्याकडे काकींनी बांधून दिलेली भाकरी आणि सुकं होतं, पण गेलो असतो तर कदाचित हा रिव्ह्यू वेगळा झाला असता, म्हणून हॉटेलला पाचात अडीच देते, अर्धा त्या हसण्याचा.

खानावळीला पाच. डास धरूनही पाच.

काकींनी निघताना आईंचा नंबर घेतला होता. आम्ही ठाण्यात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली, मागे समुद्राचा का वाऱ्याचा आवाज, "सरंगो इलो हा, बरो मोठो. खय आसात तुमी?" मी घोडबंदरच्या ट्राफिकमध्ये होते, डब्यात दुधी.